आभाळ भरलेले असताना गहू भिजत घाला: इंदूरच्या वसंतात येत्या आठवड्याचा अंदाज कसा वाचावा

होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे सहा-सात आठवडे इंदूरच्या मराठी घरांत वर्षाच्या बेगमीचे असतात. कुरडया, पापड, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे आणि शेवटी वर्षाचा गहू ही सगळी कामे याच दिवसांत उरकायची असतात आणि सगळी उन्हाच्या भरवशावर असतात. माळव्यात अवकाळी पाऊस, वावटळ आणि गारपीट यांचेही दिवस नेमके हेच. म्हणून हवामानाचा अंदाज नीट वाचता येणे हे या दिवसांत घर चालवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाचे आहे.

काही वर्षांपूर्वी सुदामानगरातील आमच्या गच्चीवर चार किलो गव्हाच्या कुरडया वाया गेल्या. गहू सोमवारी भिजत घातला तेव्हा आकाश स्वच्छ होते आणि मोबाईलवर शुक्रवारच्या चौकोनात सूर्याचे चित्र होते. शुक्रवारी पहाटे साडेपाचला चीक शिजवला आणि नऊ वाजेपर्यंत सोऱ्यातून कुरडया घालून झाल्या. दुपारी चारला वारा सुटला, कडेला ठेवलेल्या विटांसकट प्लॅस्टिकचा कागद उचलला गेला आणि मग पंधरा मिनिटे पाऊस झाला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की शुक्रवारचा अंदाज बुधवारीच बदललेला होता, पण सोमवारनंतर मी तो पुन्हा पाहिलाच नव्हता. शिवाय गुरुवारची रात्र इतकी उबदार होती की मी पांघरूण बाजूला सारले होते. हवेने दिलेली खूण मी ओळखली नाही. तेव्हापासून मी अंदाज ज्या पद्धतीने पाहते, ती येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: आपल्या गावची नेहमीची हवा माहीत असावी

अंदाजातील आकडा जास्त आहे की कमी, हे ठरवण्यासाठी आधी सरासरी ठाऊक असावी लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. मार्चमध्ये येथील सरासरी कमाल तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि किमान १७ च्या आसपास असते. एप्रिलमध्ये हेच आकडे ३८-३९ आणि २१-२२ पर्यंत चढतात. दिवस आणि रात्र यांत सोळा-सतरा अंशांचा फरक पडतो, कारण हवा कोरडी असते. मार्चच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता बहुधा २५ टक्क्यांच्या खाली असते. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण दिवसापुरती खरी ठरते. रात्री मात्र चैत्र लागेपर्यंत चादर लागतेच, आणि ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती याच गार रात्रींमुळे झाली.

या बाबतीत आपल्याकडे एक चूक वारंवार होते. खरगोन किंवा महेश्वरकडील नातेवाइकांनी सांगितलेला उकाडा आपण इंदूरला लावतो, किंवा इंदूरचा आकडा पाहून दुपारी महेश्वरच्या घाटावर जायला निघतो. मानपूरच्या पुढे घाट उतरला की आपण निमाडात शिरतो आणि पठाराच्या तीनशे-चारशे मीटर खाली येतो. कोरड्या दुपारी दर शंभर मीटर उतरणीला हवा जवळजवळ एक अंशाने तापत जाते, त्यामुळे निमाडासाठी इंदूरच्या आकड्यात तीन-चार अंश मिळवावेत. देवास, सांवेर, देपालपूर ही गावे मात्र आपल्याच पठारावरची असल्यामुळे तेथील हवा आपल्यासारखीच असते.

सरासरी माहीत असली तरी प्रत्येक वसंत सरासरीसारखा जात नाही. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील तोवरचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला आणि वाळवणे झपाट्याने वाळली. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या मार्चच्या मध्यात, पावसाळी हवेच्या लागोपाठ आलेल्या फेऱ्यांनी मध्य प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्रात पाऊस व गारपीट झाली आणि कापणीला आलेला गहू आडवा झाला. म्हणून ‘मागल्या वर्षी या तिथीला काही झाले नव्हते’ या आठवणीवर काम ठरवू नये.

दुसरी पायरी: बातमीपत्र मुळातून वाचावे

भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करीत आहे आणि आपल्या राज्यासाठी त्याचे केंद्र भोपाळला आहे. त्यांच्या बातमीपत्रात इंदूर ‘पश्चिम मध्य प्रदेश’ या उपविभागात येते, म्हणून जबलपूर-रीवाकडील ‘पूर्व मध्य प्रदेश’चा इशारा वाचून घाबरू नये. मोबाईलवर विभागाचे ‘मौसम’ हे अॅप आहे, शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ आहे आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ आहे. ही तीन पुरेशी आहेत.

भोपाळचे बातमीपत्र हिंदीत असते आणि त्यातील साधे वाटणारे शब्द ठरावीक मापाचे असतात, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. ‘कहीं-कहीं’ म्हणजे त्या भागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, ‘कुछ स्थानों पर’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘अनेक स्थानों पर’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘अधिकांश स्थानों पर’ म्हणजे त्याहून जास्त. वसंतातील बहुतेक इशारे ‘कहीं-कहीं’ या शब्दानेच येतात. त्याचा अर्थ ‘होणार नाही’ असा नाही, तर होईल तेथे नक्की होईल पण ते ठिकाण आज सांगता येत नाही, असा आहे. ‘ओलावृष्टि’ म्हणजे गारपीट, ‘झोंकेदार हवाएँ’ म्हणजे सोसाट्याचे वारे आणि ‘द्रोणिका’ म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा.

पावसाच्या मापाचीही तीच गोष्ट. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर तो ‘हलका’ आणि त्याहून कमी असेल तर ‘अतिशय हलका’ समजला जातो. आता एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब कागदावर कुरडया वाळत असतील, तर एका मिलिमीटरने त्यांवर सहा लिटर पाणी पडते. बातमीपत्रात ‘अतिशय हलका’ असे लिहिले असेल तर ते त्यांच्या मापाने अगदी बरोबर असते, पण वाळवण घालणाऱ्याने ‘हलका’ या शब्दावर विसंबू नये. शिवाय पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी पडलेला पाऊस शुक्रवारच्या नोंदीत दिसतो. हे ठाऊक नसेल तर तारखांचा घोटाळा होतो.

रंगांविषयी थोडक्यात सांगायचे तर हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच कृती करा. वाळवणापुरते माझे मत असे की पिवळ्या रंगालाच थांबावे.

मोबाईलमध्ये आधीपासून असलेल्या हवामानाच्या चित्रांविषयीही सांगायला हवे. ती चित्रे संगणकाच्या गणितावरून निघतात आणि ते गणित जमिनीचे मोठाले चौकोन कल्पून केलेले असते. आपल्या हवामान विभागाने मे २०२५ मध्ये सुरू केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालते, आणि एवढा बारीक चौकोनसुद्धा वळवाच्या ढगाला मोठाच आहे. राजवाड्यावर पाऊस आणि राऊला लख्ख ऊन हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामुळे चार दिवसांनंतरच्या चौकोनातील सूर्य किंवा ढग यांवर विसंबू नये. त्याच अॅपमध्ये तासागणिक दिलेली आर्द्रता, ढगांचे प्रमाण आणि वाऱ्याची दिशा पाहावी.

तिसरी पायरी: राजस्थान आणि त्यापलीकडे पाहावे

पावसाळ्यात आपण दक्षिणेकडे आणि बंगालच्या उपसागराकडे पाहतो. वसंतात पश्चिमेकडे पाहायचे असते. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणाऱ्या हवेच्या लाटा वरच्या थरांतील जोरदार पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाकडे येतात. यांनाच ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. त्यांचा थेट मारा काश्मीर आणि हिमाचलवर होतो, माळव्यावर नाही. पण एखादा विक्षोभ खोल असला, तर त्याच्या प्रभावाने राजस्थानवर चक्राकार वाऱ्यांची स्थिती तयार होते आणि ती अरबी समुद्रावरून, कधी बंगालच्या उपसागरावरूनही, ओलावा ओढून आणते. खाली काळी जमीन तापलेली, मधल्या थरात ओलावा आणि वर थंड हवा असा योग जमला की दुपारनंतर ढग झपाट्याने उंच चढतात. मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली असते, त्यामुळे ढगात तयार झालेली गार जमिनीवर येईपर्यंत पूर्ण वितळत नाही. श्रावणात इतका पाऊस पडूनही गारा पडत नाहीत आणि फाल्गुनातल्या दहा मिनिटांच्या सरीत पडतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून बातमीपत्र वाचताना मी तीन गोष्टी शोधते: विक्षोभ कोठे आहे, राजस्थान किंवा पश्चिम मध्य प्रदेशावर ‘चक्रवाती परिसंचरण’ (म्हणजे वर सांगितलेली चक्राकार वाऱ्यांची स्थिती) अथवा द्रोणिका सांगितली आहे का, आणि ओलावा येत असल्याचा उल्लेख आहे का. नुसता ‘जम्मू-काश्मीरवर पश्चिमी विक्षोभ’ एवढेच लिहिले असेल तर आपल्याकडे बहुधा उंचावरचे पातळ ढग येतात, रात्र जरा उबदार होते आणि काम चालू राहू शकते. तिन्ही गोष्टी एकत्र लिहिलेल्या दिसल्या तर गच्ची मोकळी ठेवावी. इन्सॅट उपग्रहाची चित्रे दर अर्ध्या तासाने येतात. त्यांत इराण-अफगाणिस्तानवर ढगांचा पांढरा पट्टा दिसला, तर त्याचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, असा हिशेब धरावा.

चौथी पायरी: कमाल नव्हे, किमान तापमान लिहून ठेवावे

सगळे जण दुपारचा आकडा पाहतात. माझा आग्रह असा की वसंतात पहाटेचा आकडा पाहावा, कारण बदलाची बातमी तोच आधी देतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि पहाट गार होते. हवेत ओलावा आला किंवा वर ढग आले की ती उष्णता खालीच राहते. किमान तापमान रोज एखाद्या अंशाने इकडे-तिकडे होतच असते, त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. पण एक-दोन रात्रींत ते तीन अंशांहून अधिक वाढले आणि त्याच वेळी वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा झाला, तर पुढचे दोन दिवस जपून राहावे.

यासाठी महाग साधने लागत नाहीत. साधा थर्मामीटर घराच्या उत्तरेकडील भिंतीजवळ, ऊन लागणार नाही अशा जागी, साधारण छातीच्या उंचीवर टांगावा. वेधशाळेतही तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजतात. म्हणून गच्चीच्या फरशीचा चटका आणि बातम्यांतील आकडा यांची तुलना करू नये. सूर्योदयाच्या सुमारास आकडा वहीत टिपावा आणि शेजारी वाऱ्याची दिशा लिहावी. जवळच्या देवळाची पताका किंवा चुलीचा धूर पाहून दिशा कळते. वायव्येचा किंवा पश्चिमेचा कोरडा वारा हा वाळवणाचा मित्र आहे.

आणखी एक घरगुती खूण मी पाळते. एक वाळलेली कुरडई रात्री खिडकीत उघडी ठेवते. सकाळी ती कडकन मोडली तर हवा कोरडी आहे. वाकून मग तुटली तर हवेत दमटपणा आला आहे, मग अॅप काहीही सांगो.

पाचवी पायरी: कामाला लागणारे दिवस मोजून गहू भिजत घालावा

बटाट्याच्या किसाचा निर्णय आदल्या संध्याकाळी घेता येतो. साबुदाणा आणि सांडग्यांची डाळ रात्री भिजते, म्हणजे निर्णय बारा तास आधी घ्यावा लागतो. उडदाचे पापड सावलीतच वाळवायचे असल्यामुळे ते ढगाळ हवेतही घरात लाटता येतात, आणि खरे तर ढगाळ दिवसांसाठी तेच काम राखून ठेवावे. कुरडईचे तसे नाही. पहिले तीन दिवस गहू भिजतो आणि रोज पाणी बदलावे लागते, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक निवळत ठेवायचा, पाचव्या दिवशी पहाटे तो शिजवून कुरडया घालायच्या आणि पाचवा, सहावा, सातवा असे तीन दिवस ऊन हवे. म्हणजे गहू पाण्यात टाकताना प्रश्न आजच्या आकाशाचा नसतो, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आकाशाचा असतो.

पाच-सहा दिवसांनी विक्षोभाची फेरी येणार आहे की नाही, हे आजच्या गणिताला बऱ्यापैकी सांगता येते. तापमान चढेल की उतरेल हेही सांगता येते. पण आपल्या गच्चीवर सर पडेल की नाही हे फक्त काही तास आधी कळते. ज्या गोष्टीचे उत्तर त्या वेळी मिळू शकते, तेवढीच त्या वेळी विचारावी.

यातूनच माझा मुख्य सल्ला निघतो, आणि तो ऐकून शेजारणी आधी आश्चर्य करतात: गहू निरभ्र आकाश पाहून भिजत घालू नये, विक्षोभ डोक्यावर असताना, आभाळ भरलेले असताना भिजत घालावा. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून वायव्येचा कोरडा वारा येतो, आकाश धुतल्यासारखे होते, रात्री पुन्हा गार होतात आणि असे चांगले दोन ते चार दिवस मिळतात. आज आभाळ असेल आणि उद्या-परवा ते जाणार असेल, तर आपला पाचवा दिवस त्या कोरड्या दिवसांत पडतो. उलट चार दिवस सलग कडक ऊन पाहून ज्यांनी गहू भिजवला, त्यांचा पाचवा दिवस पुष्कळदा पुढच्या विक्षोभाच्या तोंडी सापडतो. आमच्या त्या शुक्रवारी नेमके हेच झाले होते. अर्थात काही वेळा विक्षोभ पाठोपाठ येतात आणि मधली उघडीप एकाच दिवसाची असते, म्हणून पाचव्या ते सातव्या दिवसात दुसरी फेरी सांगितलेली नाही ना, हे गहू भिजवण्यापूर्वी पाहावेच.

त्यानंतर अंदाज दोनदा पुन्हा पाहावा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहून बदल दिसला, तर गहू वाटून चीक काढून घ्यावा आणि वर स्वच्छ पाणी ठेवून तो फ्रिजमध्ये ठेवावा; वरचे पाणी बदलत गेल्यास एखादा दिवस तो टिकतो. गहू मात्र एप्रिलच्या उकाड्यात पाण्यात जास्त ठेवू नये, तो आंबून वास येतो. चौथ्या रात्री झोपण्यापूर्वी शेवटचे पाहणे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. चीक शिजवला की मागे फिरता येत नाही. त्या रात्री किमान तापमान चढलेले असेल, वारा दक्षिणेचा असेल आणि बातमीपत्रात पिवळा रंग असेल, तर पहाटेचा गजर बंद करून चीक फ्रिजमध्येच राहू द्यावा.

वर्षाच्या गव्हाचा हिशेब याहून सोपा आहे. मंडईत नवा गहू मार्चपासून येऊ लागतो, पण भरण्याची घाई करू नये. एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारची हवा आणखी कोरडी होते. साठवणीचा दाणा १२ टक्क्यांहून कमी ओलाव्याचा असावा, आणि घरी त्याची परीक्षा दाताखाली होते: दाणा ‘कट’ असा आवाज करून फुटला पाहिजे, दबता कामा नये. दमट दिवशी पसरलेला गहू वाळण्याऐवजी हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून तसा दिवस सोडून द्यावा. उन्हातून काढलेला गरम गहू तसाच कोठीत भरू नये. रात्रभर सावलीत निवू द्यावा, नाहीतर आत पाणी सुटते आणि तळाला बुरशी धरते.

सहावी पायरी: त्या दिवशी आकाशाकडे लक्ष ठेवावे

सकाळी सात-आठच्या सुमारास मधल्या उंचीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे कोंब फुटलेले ढग दिसले, तर दुपारी गडगडाटाची शक्यता धरावी, कारण वरच्या थरात अस्थिरता असल्याची ती खूण आहे. पिसांसारखे उंच पांढरे तंतू तेवढ्याने धोक्याचे नसतात. अकरा-बाराला खालचे ढग फुलकोबीसारखे फुगू लागले आणि त्यांच्या कडा ठळक असल्या तर वाळवण दोनच्या आत उचलण्याची तयारी ठेवावी. आपल्याकडील वळवाच्या सरी बहुधा दुपारी तीन ते रात्री नऊ यांच्या दरम्यान येतात, त्यामुळे सकाळी सातला मांडून दुपारी दोनला उचलणे हा संशयाच्या दिवसाचा चांगला मध्यम मार्ग आहे.

भोपाळच्या डॉप्लर रडारचे चित्र आणि पुढच्या तीन तासांपुरती दिली जाणारी तात्कालिक सूचना दुपारी बारानंतर तासातासाला पाहावी. ढगांचा पट्टा रतलाम-उज्जैनकडून किंवा धारकडून आपल्याकडे सरकतो आहे का, हे दोन चित्रांतील फरकावरून समजते. ‘दामिनी’ अॅप आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडल्याचे दाखवते. ४० च्या परिघात खुणा दिसू लागल्या की उचलायला सुरुवात करावी.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटर दूर पडली ते कळते. हे अंतर दहा किलोमीटरपेक्षा कमी असेल, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर गच्चीवर कोणीही जाऊ नये. कुरडया राहू द्याव्यात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत मुलांनाही वर पाठवू नये. गच्चीवरचे माणूस आजूबाजूच्या सगळ्यांत उंच असते, आणि ‘एवढे उचलून येते’ म्हणून वर गेलेल्या माणसाची काळजी मला दर वर्षी वाटते.

उन्हाळ्याकडे झुकणारे दिवस

मैदानी भागात उष्णतेची लाट तेव्हा समजली जाते, जेव्हा कमाल तापमान किमान ४० अंशांवर पोहोचते आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असते. ४५ अंशांवर गेले तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. मार्चमध्ये इंदूरला हे क्वचित घडते. तरी ३७-३८ चा आकडा मार्चच्या मध्यात आला तर शरीराला त्याची सवय नसते, म्हणून रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याच्या गर्दीत मुलांना आणि वृद्धांना नेताना पाण्याची बाटली जवळ असावी. याच दिवशी उलटही घडते: ओले कपडे आणि कोरडा वारा यांनी संध्याकाळी अंग काकडते, त्यामुळे मुलांचे कोरडे कपडे बरोबर घ्यावेत.

ज्यांची शेती देवास-सांवेरकडे आहे, त्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला जरूर पाहावा. दाणे भरत असलेल्या गव्हाला सोसाट्याचा वारा सांगितलेला असताना पाणी देऊ नये, कारण ओल्या काळ्या जमिनीत मुळे सैल होऊन पीक लोळते. कापलेला गहू आणि उपटलेला लसूण आभाळ दिसताच ताडपत्रीखाली घ्यावा. पीक विमा असेल तर गारपिटीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. ती मुदत नातेवाइकांना आठवण करून द्यावी. शेत आवरण्याच्या धावपळीत ती निसटते.

तरीही पाऊस आलाच तर

अर्धवट वाळलेल्या कुरडया एकमेकींवर रचू नयेत. घरातील मोठ्या खोलीत कोरड्या सुती चादरीवर एकेक करून पसराव्यात, पंखा पूर्ण वेगाने लावावा आणि खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण बाहेरची हवा त्या वेळी आतल्यापेक्षा दमट असते. वरची साल धरलेली असेल तर फक्त चार थेंब बसलेल्या कुरडया दुसऱ्या दिवशीच्या उन्हात दोन्ही बाजूंनी वाळून ठीक होतात; रंग थोडा पिवळसर येतो, तळल्यावर चवीत फरक पडत नाही. ओल्या असताना भिजून लगदा झालेल्या मात्र लगेच वेगळ्या काढाव्यात. दुसऱ्या दिवशी आंबट वास आला किंवा गुलाबी-काळे ठिपके दिसले तर त्या टाकूनच द्याव्यात, वाळवून ठेवू नयेत. शिजवलेला चीक पातेल्यात उरला असेल तर गरम असतानाच घरात प्लॅस्टिकवर कुरडया घालून घ्याव्यात आणि रात्रभर पंख्याखाली ठेवाव्यात. विक्षोभ सरकला असेल तर सकाळी सातला वायव्येचा वारा सुटलेला असतो, आणि त्या वाऱ्यावर उन्हात ठेवलेल्या कुरडया दुपारपर्यंत कागदावरून आपोआप सुटू लागतात.